थायलंडमधल्या ‘कथोय’ आणि माझ्या शेजारच्या टेबलावरची पी

नदीकाठची

मागच्या महिन्यात सांगलीहून माझी नणंद, तिचे यजमान आणि त्यांच्या सोसायटीतली चार कुटुंबं फिरायला आली होती. फुकेत, पट्टाया आणि शेवटचे दोन दिवस बँकॉक. पट्टायाचा अल्काझार शो पॅकेजातच होता. माझ्या घरी जेवायला बसल्यावर यजमानांनी मोबाइल पुढे केला. फोटोत पिसांचा उंच मुकुट घातलेली एक मुलगी, तिच्या दोन बाजूंना हे दोघे. “ओळख पाहू, बाई की पुरुष?” सगळे हसले. मी आमटी वाढत होते. काहीच बोलले नाही. ते न बोलणं अजून टोचतंय, म्हणून हा धागा काढते आहे.

मी बँकॉकला अकरा वर्षं आहे. नदीच्या थोनबुरी बाजूला राहते, एका निर्यात कंपनीत हिशेब बघते. माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसते, तिला मी ‘पी’ म्हणते. थाईत आपल्याहून मोठ्याला ‘पी’ म्हणतात, मग ती ताई असो की दादा. लहान असेल तर ‘नोंग’. तिचं खरं नाव इथे लिहिणार नाही.

पी चव्वेचाळीस वर्षांची आहे, ईशान्य थायलंडच्या ईसान भागातल्या सुरिनची. सकाळी पावणेआठला जागेवर असते. मी शाकाहारी म्हणून येताना माझ्यासाठी केळीच्या पानात बांधलेला नारळाच्या दुधातला भात घेऊन येते. दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हॅटचं विवरण भरायचं असतं, त्या आठवड्यात आमच्या खात्यात सगळ्यांचा आवाज चढलेला असतो, एकट्या पीचा नाही. पहिल्या वर्षी माझ्या पावत्यांमध्ये सत्तावीस बाटांचा फरक येत होता. रात्री साडेआठपर्यंत माझ्यासोबत बसून तिने तो शोधून काढला. माझ्या लेखी पी म्हणजे हे सगळं. ती जन्मली तेव्हा तिला मुलगा म्हटलं गेलं होतं आणि इथले लोक तिला ‘कथोय’ म्हणतात, हे मला रुजू झाल्यावर आठवडाभराने कळलं, तेही दुसऱ्या कुणीतरी सांगितलं म्हणून.

थाई बोलताना वाक्याच्या शेवटी आदराचा एक शब्द लावतात. बायका ‘खा’ म्हणतात, पुरुष ‘ख्रप’. पी दिवसातून शेकडो वेळा ‘खा’ म्हणते. साहेब, शिपाई, कस्टमचा माणूस, खाली कॉफी विकणारी बाई, कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. पण तिच्या ओळखपत्रावर नावाच्या आधी ‘नाय’ आहे, म्हणजे श्रीयुत. ‘नांग-साओ’ म्हणजे कुमारी. ‘नाय’चं ‘नांग-साओ’ करून घ्यायची सोय थायलंडच्या कायद्यात आजही नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास झाला तेव्हा मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. स्पीकरवरून पुकारा झाला, “नाय…” आणि पुढे तिचं पूर्ण नाव. मी उठायला लागले. तिने माझा हात धरून खाली बसवलं. दुसऱ्यांदा पुकारा होईपर्यंत ती समोरच्या कॅलेंडरकडे बघत बसून राहिली. मग हळूच उठली. नंतर म्हणाली, “पहिल्या हाकेला सगळे मान वर करून बघतात, कोण उठतंय ते. दुसऱ्या हाकेपर्यंत निम्मे परत मोबाइलमध्ये गेलेले असतात.” रात्री तिला पुरुषांच्या वॉर्डात खाट मिळाली, कारण कार्डावर ‘नाय’. तिने पैसे भरून वेगळी खोली घेतली. एका महिन्याचा पगार त्यात गेला.

“थायलंडमध्ये सगळं खपतं” असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. त्या बोलणाऱ्यांना दवाखान्यातला हा बाक दाखवावासा वाटतो. ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी लिहावं. ज्यांना प्रश्न आहेत त्यांनीही मोकळेपणाने विचारावं.

कोरडवाहू

लेख आवडला. एक शंका. थायलंडने मध्यंतरी सगळ्यांना लग्नाचा हक्क दिला ना? मग ओळखपत्राचं घोडं का अडलंय?

नदीकाठची

@कोरडवाहू, बरोबर. विवाह समानतेचा कायदा जून २०२४ मध्ये सिनेटने मंजूर केला आणि जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आशियात तैवान आणि नेपाळनंतर थायलंड तिसरं. कायद्यात जिथे ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ होतं तिथे ‘बुक्खोन’ म्हणजे व्यक्ती आलं. ‘पती’ आणि ‘पत्नी’च्या जागी जोडीदार आलं. अंमल सुरू झाला त्या दिवशी बँकॉकमध्ये शेकडो जोडप्यांची सामूहिक नोंदणी झाली. आमच्या ऑफिसात काम थांबवून आम्ही ते मोबाइलवर बघत होतो.

पण लग्नाचा कायदा आणि ओळखीचा कायदा ही दोन वेगळी कामं आहेत. कुणी कुणाशी लग्न करावं हे पहिल्याने मोकळं केलं. आपण कोण आहोत हे सरकारने कसं लिहावं, हा दुसऱ्याचा प्रश्न. उपाधी बदलू देणारं एक विधेयक फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकसभेसारख्या इथल्या खालच्या सभागृहात आलं आणि फेटाळलं गेलं. म्हणजे आज पी एखाद्या पुरुषाशी कायदेशीर लग्न करू शकते, पण दाखल्यावर दोन्ही नावांपुढे ‘नाय’ येणार.

या बाबतीत आपण पुढे आहोत हे मला इथे आल्यावर कळलं. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क मान्य केला, आणि २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखपत्र मिळायची वाट काढली. त्या वाटेत किती खाचखळगे आहेत तेही मला माहीत आहे. पण पीला मी हे सांगितलं तेव्हा तिने तीनदा विचारलं, “इंडियात? खरंच इंडियात?”

ताडपत्र

उत्तम धागा. शब्दांबद्दल थोडं लिहितो, कारण यात आपल्याला ओळखीचं बरंच आहे.

थाईत स्त्री-पुरुष या अर्थाच्या ‘लिंगा’ला जो शब्द आहे, ‘फेत’, तो आपला ‘वेष’ आहे. पाली ‘वेस’, संस्कृत ‘वेष’. म्हणजे मुळात तो शब्द शरीराचा नाही, रूपाचा आणि पेहरावाचा आहे. उत्तरेकडच्या लान्ना परंपरेत सृष्टीच्या उत्पत्तीची ‘पथममूलमूली’ नावाची कथा आहे. तिच्यात आरंभीची माणसं दोन नव्हती, तीन होती. इत्थी, पुल्लिंग आणि नपुंसक. शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण घोकलेली तीन लिंगं तिथे हाडामांसाची माणसं आहेत.

आता दुसरी बाजू. “बौद्ध देश आहे म्हणून सहिष्णू” हे वाक्य मी अनेकदा ऐकतो आणि ते मला अर्धवट वाटतं. विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमग्रंथात, ‘पंडक’ (ढोबळमानाने नपुंसक) म्हटलेल्यांना भिक्षू होता येत नाही, असा नियम आहे. शिवाय थायलंडमध्ये एक समजूत खोल रुजलेली आहे की मागच्या जन्मी परस्त्रीगमन किंवा तसलं काही पाप केलं, म्हणून या जन्मी माणूस कथोय होतो. या समजुतीमुळे लोक सहसा अंगावर धावून जात नाहीत. उलट म्हणतात, बिचारीचं कर्म, कदाचित आपणही कधीकाळी तसेच जन्मलो असू. त्यात दया आहे, पण बरोबरीचं मानणं नाही.

आणि त्याच विनयपिटकात एक लहानसा प्रसंग आहे. तो मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठा वाटतो. एका भिक्षूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झालं. बाकीच्यांनी बुद्धाला विचारलं, काय करावं? चौकशी नाही, शिक्षा नाही. सांगितलं एवढंच: उपाध्याय तोच राहील, उपसंपदा म्हणजे भिक्षुदीक्षा तीच राहील, आजवरची वर्षंही तीच धरायची, तिला भिक्षुणींमध्ये जाऊ द्या. उलट प्रसंगातही तोच निर्णय. ज्येष्ठतेचं एक वर्षसुद्धा कापलं नाही. तुमच्या पीला ‘नाय’ची ‘नांग-साओ’ करताना याहून जास्त काय हवंय?

मी_आले

बरेच दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते. मी नाशिकची. ट्रान्स बाई आहे.

आधी एक विनंती. ‘कथोय म्हणजे थाई हिजडा’ असं समीकरण मांडू नका. आपल्याकडच्या हिजडा समाजाला गुरू-चेल्याचं नातं आहे, घराणी आहेत, रीतीभाती आहेत, बधाई आहे. थायलंडमध्ये तशी रचना नाही. तिथली मुलगी बहुतेक वेळा आपल्याच आईबापांच्या घरात वाढते, शाळेत जाते, बाजारात, पार्लरमध्ये, कारखान्यात काम करते. मला यातलं एक चांगलं आणि दुसरं वाईट म्हणायचं नाही. ज्या वयात माझ्या घराने दार लावलं, त्या वयात मला एका गुरूने जेवू घातलं होतं. मी घराण्यात राहिले नाही, पण ते ताट विसरणार नाही.

दुसरं, मला स्वतःला ‘तृतीयपंथी’ म्हणवून घ्यायला आवडत नाही, कारण मी तिसरी नाही, बाई आहे. माझ्या मैत्रिणी तोच शब्द ताठ मानेने लावतात. दोघी खऱ्या. थाई बायकांमध्येही हेच आहे असं मला तिथे दिसलं.

तिथे म्हणजे बँकॉकमध्ये. माझी शस्त्रक्रिया २०१८ साली तिथेच झाली. जगभरातून लोक तिथे जातात, कारण तिथल्या डॉक्टरांचा हात या कामात १९७० च्या दशकापासून बसलेला आहे. आणि वाटेल त्याला टेबलावर घेतात हा गैरसमज. २००९ पासून तिथल्या वैद्यकीय परिषदेचे नियम आहेत: वय वीस पूर्ण, अठरा ते वीस असेल तर पालकांची संमती, आणि मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी. मला रात्रपाळीची परिचारिका आठवते. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने एकच थाई वाक्य मला शिकवलं, “किन खाव रू यांग”, जेवलीस का. ती तिथली विचारपूस आहे, आपल्यासारखीच. एकवीस दिवस ती दारातून आत येताना ते म्हणायची.

नदीकाठची, तुम्ही ‘खा’ आणि ‘ख्रप’बद्दल लिहिलंत ते वाचून मी पाच मिनिटं फोन बाजूला ठेवला. आपली मराठी त्याहून अवघड आहे. ‘मी आलो’ की ‘मी आले’, तोंड उघडलं की ठरवावं लागतं. घरी असताना मी कित्येक वर्षं त्या क्रियापदांना वळसा घालत बोलले. ‘जेवलो’ म्हणायचं नाही, ‘जेवण झालं’. ‘येतो’ म्हणायचं नाही, ‘येणं होईल’. ‘मी पाहिलं’, ‘मी केलं’ ही वाक्यं सुरक्षित, तिथे माझं लिंग कुणाला लागत नाही. ‘जाऊ या’, ‘बघू’. माझे वडील म्हणायचे, हा असा सरकारी पत्रासारखा का बोलतो? मी पहिल्यांदा मोठ्याने ‘आले’ म्हटलं ते औषधाच्या दुकानात, एका अनोळखी माणसासमोर. “काल सांगितलेलं न्यायला आले होते.” त्याने वर न बघता पुडी पुढे केली. बाहेर आल्यावर दोन दुकानं सोडून मी पायरीवर बसले, कारण पाय थरथरत होते.

कोरडवाहू

@मी_आले, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला.

नदीकाठची

मी_आले ताई, तुमचा प्रतिसाद मी पीला थाईत सांगितला. ती म्हणाली, तिचंही तेच. शाळेत तिला ‘ख्रप’ म्हणवत नव्हतं आणि ‘खा’ म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ती शेवटचा शब्दच गाळायची. थाईत तो गाळला की बोलणं उद्धट वाटतं. गुरुजींना वाटायचं पोरगं माजलंय. उद्धटपणासाठी तिने चौथी-पाचवीत छड्या खाल्ल्या आहेत. ऑफिसमध्ये तिच्याइतकं मऊ बोलणारं कुणी नाही.

घाटवाट

मनापासून विचारतो. आम्ही दोन वर्षांपूर्वी बायको-मुलांसह तो शो पाहिला. नाच, रोषणाई, कपडे, सगळं आवडलं. बॉलीवूडचं एक गाणंही होतं, आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्ही चूक केली का?

मी_आले

चूक कसली? नाच हे कष्टाचं काम आहे. शो संपल्यावर त्या मुली बाहेर उभ्या राहतात, फोटोमागे शंभरएक बाट मिळतात. तो त्यांच्या कमाईचा भाग आहे, पैसे न देता फोटो काढून पळू नका. आणि अंगाला हात लावू नका. ‘वरून बाई, खालून काय’ हे कुजबुजू नका, मराठी कळत नसली तरी नजर कळते.

नदीकाठची

सहमत. फक्त एक भर. टिफनीज शो पट्टायात १९७४ पासून चालू आहे, म्हणजे तिथे नाचून निवृत्त झालेल्या बायकासुद्धा आता आजीच्या वयाच्या असतील. रंगमंच, पार्लर, मेकअप आणि बार, या चार दारांमधून कथोय मुलींना सहज आत घेतात. पाचवं दार ठोठावलं की अर्जातला ‘नाय’ आणि फोटोतली बाई यांचा मेळ बसत नाही. पीने हिशेबाची पदवी घेऊन चौदा ठिकाणी मुलाखती दिल्या. दोन ठिकाणी तिला नम्रपणे सांगितलं, आमच्याकडे स्वागतकक्षात जागा आहे, तुम्ही दिसायला छान आहात.

२०११ मध्ये पीसी एअर नावाच्या एका नव्या विमान कंपनीने कथोय हवाईसुंदरी नेमल्या, तेव्हा पीच्या खोलीतल्या मुलींनी केक आणला होता म्हणे. वर्षभरात कंपनीच बंद पडली.

रांगडा_गडी

माझा विषय मुष्टियुद्ध. नोंग तूमचं नाव इथे अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. परिन्या चारोएनफोन, म्हणजेच नोंग तूम. चियांग माईकडच्या गरीब घरातली, १९९८ मध्ये बँकॉकच्या लुंपिनी स्टेडियममध्ये उतरली तेव्हा चेहऱ्यावर रंगरंगोटी होती आणि प्रतिस्पर्धी चेष्टा करत होता. वजन करताना सगळे कपडे उतरवायला सांगितल्यावर तिला रडू कोसळलं. मग रिंगमध्ये तिने त्याला हरवलं. घर चालवायचं आणि शस्त्रक्रियेचे पैसे जमवायचे, यासाठी ती लढायची.

लोक इथपर्यंतच सांगतात. पुढचं ऐका. १९९९ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ती बाई झाली, आणि लुंपिनीची रिंग तिला बंद. कारण त्या रिंगला बाईचा स्पर्श चालत नसे! स्त्रियांची लढत तिथे पहिल्यांदा झाली ती २०२१ मध्ये. म्हणजे कागदावर ती पुरुषच, पण दोरखंडापाशी मात्र तिला बाई धरलं. दोन्हीकडून तोटा तिचाच. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

निवृत्त_सुभेदार

सातारा जिल्ह्यातून लिहितो. थायलंडमध्ये सक्तीची सैन्यभरती आहे असं ऐकलंय. कागदावर पुरुष असतील तर यांनाही जावं लागतं का?

नदीकाठची

सुभेदारसाहेब, नमस्कार. हो, हजर व्हावंच लागतं. एकविसाव्या वर्षी, एप्रिल महिन्यात. बहुधा शाळेच्या सभागृहात किंवा मंदिराच्या आवारात हंडी ठेवतात आणि चिठ्ठी काढायची. लाल आली तर सैन्यात, काळी आली तर सुटका. कथोय मुलींना हंडीपर्यंत सहसा जावं लागत नाही. डॉक्टर तपासतात आणि वेगळ्या वर्गात टाकतात. पण ती तपासणी कुठे, कशी होते यावर सगळं अवलंबून. दरवर्षी एप्रिलात वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार नटूनथटून आलेल्या मुलींचे फोटो छापतात, ते गमतीचे म्हणून फिरतात.

पी गेली ती २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. पडद्याआड नेऊन शर्ट काढायला लावला. तिला सूट मिळाली, आणि सूट मिळाल्याचा जो कागद हातात दिला, ‘सो दो ४३’, त्यावर कारण लिहिलं होतं: कायमचा मानसिक विकार. तो कागद म्हणजे फक्त सैन्याचा हिशेब नाही. थायलंडमध्ये पुरुषाला नोकरी देताना तो मागतात. म्हणजे चौदा मुलाखतींत चौदा टेबलांवर तिने स्वतःच्या हाताने ‘मी वेडी आहे’ असं लिहिलेला कागद ठेवला. मी तो पाहिलाय. दुधी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, पदवीच्या प्रमाणपत्राच्या मागे. घडीवर फाटत आलाय, तिने मागून चिकटपट्टी लावलीय.

या शब्दांविरुद्ध सामार्त मीचारोएन ही एक कथोय न्यायालयात गेली. २०११ मध्ये प्रशासकीय न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर शब्द बदलले. आता ‘लिंगभाव जन्मावेळच्या लिंगाशी जुळत नाही’ अशा अर्थाचं लिहितात. पीपेक्षा दहा वर्षांनी लहान मुलींना तो नवा कागद मिळाला.

निवृत्त_सुभेदार

सैन्यात आम्ही कागदाला फार मानतो. कागद चुकीचा असेल तर तो दुरुस्त करणं हे खात्याचं काम, त्या जवानाचं नाही. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

शिसपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेबद्दल कुणी लिहील का? माझ्या वर्गात एक मूल आहे, त्याच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. पण ते मधल्या सुट्टीत पाणी पीत नाही, कारण मग मुतारीत जावं लागतं. हे माझ्या लक्षात यायला मला चार महिने लागले.

नदीकाठची

@शिसपेन्सिल, सिसाकेत जिल्ह्यात कांपांग नावाची शाळा आहे, खेडेगावातली. २००८ मध्ये तिची बातमी जगभर झाली होती. मुलांची, मुलींची आणि मधे तिसरी, अशी स्वच्छतागृहं तिथे केली. दारावर अर्धा निळा, अर्धा लाल माणूस. मुलांच्या स्वच्छतागृहात चिडवाचिडवी, मुलींकडे गेलं की मुली ओरडायच्या, म्हणून मुख्याध्यापकांनी हा मार्ग काढला. यावर नंतर वादही झाले: तिसरं दार म्हणजे ‘तू वेगळी’ अशी पाटीच ना? दोन्ही म्हणणी मला पटतात. पण त्या मुलांना दुपारी पाणी पिता येऊ लागलं.

तुमच्याकडे शिक्षकांसाठी वेगळं स्वच्छतागृह असेल तर त्याची किल्ली गुपचूप त्या मुलाला देता येईल का?

शिसपेन्सिल

आहे. उद्याच देते.

उंबरठा

सगळे फक्त ट्रान्स बायकांवर बोलताहेत. मी पुण्यात राहणारा ट्रान्स पुरुष आहे. थायलंडमध्ये आमच्यासारखे नाहीत का?

नदीकाठची

आहेत, आणि तुमचं म्हणणं रास्त आहे. इथे ‘टॉम’ हा शब्द फार रुळलाय, इंग्रजीतल्या ‘टॉमबॉय’वरून आलेला. आखूड केस, पुरुषी कपडे, आणि त्यांच्या मैत्रिणीला ‘दी’ म्हणतात. पण टॉम म्हणजे ट्रान्स पुरुष असं नाही. बरेच टॉम स्वतःला बाईच मानतात. ट्रान्स पुरुषाला लोक टॉममध्येच जमा करतात आणि विषय संपवतात. सैन्याची चिठ्ठी त्यांना नसते, कारण कागदावर ते ‘नांग-साओ’. दाढी आलेल्या माणसाने बँकेत ‘कुमारी’ म्हणून पुकारा झाल्यावर उठायचं, ही तीच अडचण उलट्या बाजूने. पण शो नाही, सौंदर्यस्पर्धा नाही, म्हणून पर्यटकांना ते दिसत नाहीत. तुम्ही लिहा ना इथे सविस्तर.

उंबरठा

लिहीन. वेगळा धागा काढतो.

जुनं_अंगण

एक प्रामाणिक प्रश्न, राग मानू नये. तिथे हे लोक इतके जास्त का आहेत?

ताडपत्र

जास्त आहेत असं म्हणायला आधार नाही, जास्त दिसतात. का दिसतात, याचं एक कारण इतिहासात आहे. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात इंग्रजांनी हिजड्यांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली, बायकी कपड्यांत रस्त्यावर नाचण्या-गाण्यावर शिक्षा ठेवली. सयाम, म्हणजे तेव्हाचं थायलंड, कुणाची वसाहत झालं नाही, त्यामुळे तिथे ती नोंदवही आली नाही.

पण तिथलं सगळं आलबेल होतं असंही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांची सयामबद्दल तक्रारच होती की पुरुष कोण, बाई कोण, ओळखू येत नाही. दोघांचे केस आखूड, आणि दोघंही ‘चोंग क्राबेन’ नेसत, आपल्या काष्ट्यासारखं मागे खोचलेलं लुगडं. पुढे फिबून सोंगख्राम या पंतप्रधानाने १९३९ ते १९४२ च्या दरम्यान फर्मानं काढली. बायकांनी स्कर्ट आणि हॅट घालावी, पुरुषांनी पँट, नावंसुद्धा बायकी कोणती आणि पुरुषी कोणती हे वेगळं करावं. आज ज्याला तिथे ‘परंपरेप्रमाणे बाई’ आणि ‘परंपरेप्रमाणे पुरुष’ म्हणतात, त्यातलं बरंचसं माझ्या आजोबांपेक्षा वयाने लहान आहे.

जुनं_अंगण

धन्यवाद. आमच्या आजीचा काष्टा आठवला.

मी_आले

नदीकाठची, पीला एक विचाराल का? तिला स्वतःला कोणता शब्द आवडतो?

नदीकाठची

विचारलं. उत्तर यायला चार दिवस लागले, कारण ती आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती. आई सुरिनहून आली होती.

‘कथोय’ मैत्रिणींच्या तोंडून आला तर ती हसते, रस्त्यावर अनोळखी माणसाने म्हटला तर मान फिरवते. ‘साओ प्राफेत सोंग’, म्हणजे दुसऱ्या प्रकारची बाई, हा शब्द तिला नको. म्हणाली, “हिशेबात दुसरा प्रकार म्हणजे कमी भावाचा माल.” ‘फू यिंग खाम फेत’, लिंग ओलांडून आलेली बाई, हा तिला चालतो. कागदावर लिहायला बरा आहे म्हणाली.

आणि घरी? घरी आई तिला ‘लूक’ म्हणते. लूक म्हणजे लेकरू. ‘लूक-चाय’ म्हणजे मुलगा, ‘लूक-साओ’ म्हणजे मुलगी. पी सोळा वर्षांची झाली तेव्हापासून आईने पुढचा शब्द लावायचंच सोडलं होतं. चाय नाही, साओ नाही, नुसतं लूक. पी दर महिन्याला पैसे पाठवते, घराचं छत तिच्या पैशातून झालं, धाकट्याचं शिक्षण तिच्या पैशातून झालं. ‘कतन्यू’ म्हणतात त्याला इथे, आपल्या ‘कृतज्ञ’चंच पाली रूप. मुलाने काही दिवस भिक्षू होऊन आईला पुण्य द्यायचं असतं, ते तिच्याच्याने झालं नाही, त्याची भरपाई ती पैशाने करते असं तिला स्वतःला वाटतं.

ऑपरेशनच्या दिवशी खिडकीवरच्या मुलीने संमतीचा फॉर्म भरायला घेतला. नातं या रकान्यात पीचं कार्ड बघून तिने मुलगा लिहिलं. आईच्या एका डोळ्याला आधीच पट्टी होती. आई म्हणाली, काय लिहिलंस ते वाचून दाखव. मुलीने वाचलं. आई म्हणाली, “लूक-साओ लिही.”

मुलगी म्हणाली, आजी, कार्डावर ‘नाय’ आहे, मला तसं लिहिता येत नाही. मागे रांग होती. पी म्हणाली, राहू दे आई. आई हलेना. शेवटी त्या मुलीने लिहिलेलं खोडलं आणि वर ‘बुत’ लिहिलं. तो ‘पुत्र’च आहे, आपलाच शब्द, पण थाईत त्याचा अर्थ नुसतं अपत्य असा होतो. मग खिडकीतून हात बाहेर काढून तिने फॉर्म आईच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. आईने तो जवळ घेऊन पाहिला आणि अंगठ्याला शाई मागितली.